बोटं उघडतायत का ते आधी बघा: स्ट्रोकनंतर पहिल्या काही दिवसांत हात कसा तपासायचा

"मॅडम, आज बाबांनी माझा हात घट्ट दाबला!" हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की ते कानावर पडलं की माझी नजर आपोआप पेशंटच्या बोटांकडे जाते. स्ट्रोक होऊन दोन-तीन दिवस झालेले असतात, घरच्यांची झोप उडालेली असते आणि निपचित पडलेल्या त्या हातात जरा काही हललं की सगळ्यांच्या जिवात जीव येतो. त्या आनंदावर पाणी ओतायचं नसतं आणि मी ओततही नाही. पण मग हळूच विचारते, "दाबला ते छानच झालं, पण सोडला का? सोडा म्हटल्यावर बोटं उघडली का?" बहुतेक वेळा यावर कोणाकडे उत्तर नसतं, कारण तसं कोणी बघितलेलंच नसतं.

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट (ओटी) आहे, म्हणजे आजारानंतर रोजची कामं परत करता यावीत म्हणून पेशंटला मदत करणारी, आणि माझं बरंचसं काम स्ट्रोकच्या पेशंटच्या हातावरच असतं. हे लिहितेय ते दोघांसाठी, वॉर्डात नव्याने येणाऱ्या फिजिओ-ओटीच्या मुलामुलींसाठी आणि पेशंटच्या उशाशी दिवसभर बसणाऱ्या घरच्या माणसांसाठी. ग्रेड आणि स्कोर देणं हे शिकलेल्या माणसाचं काम आहे, ते घरच्यांनी स्वतःवर घेऊ नये, पण काय बघितलं जातंय आणि का, हे त्यांना कळलं तर दिवसभरात त्यांच्या डोळ्यांना जे दिसतं ते आम्हाला कधीच मिळत नाही इतकं मोलाचं असतं.

आधी मूठ आणि बोटं यातला फरक सांगते, कारण बाकी सगळं त्यावर उभं आहे. मेंदूतून हाताकडे हुकूम नेणारी एक मुख्य वाट आहे, कॉर्टिकोस्पायनल ट्रॅक्ट म्हणतात तिला, मेंदूच्या वरच्या थरातून निघून खाली मज्जारज्जूत उतरते. बोटं सुटी सुटी हलवणं, उघडणं, चिमटीत बारीक वस्तू धरणं, हे जवळजवळ पूर्णपणे या वाटेवर अवलंबून आहे. मूठ आवळणं, कोपर वाकवणं, खांदा वर ओढणं याला मात्र दुसऱ्या, जुन्या आणि ढोबळ वाटांचाही हातभार लागतो. म्हणून मुख्य वाट बरीच तुटलेली असली तरी मूठ वळू शकते. शिवाय काही पेशंटमध्ये तळहाताला काही लागलं की बोटं आपोआप मिटतात, तान्ह्या बाळाची मिटतात तशी, आणि आपल्याला वाटतं त्यांनी आपला हात ओळखून दाबला. बोटं उघडणं असं फुकटात मिळत नाही. पहिल्या तीन दिवसांत सांगितल्यावर बोटं थोडी जरी उघडली तरी ती मुख्य वाट अजून शाबूत आहे असं समजायला जागा असते.

हात लावायच्या आधी

सरळ जाऊन "हात वर करा" म्हणू नका. आधी डॉक्टरांनी बसवायची परवानगी दिली आहे का ते विचारा, बीपी कसं आहे ते बघा, पेशंट नीट जागा आहे का ते बघा. अर्धवट झोपेत असलेल्या माणसाचा हात तपासून "ताकद शून्य" असं लिहिलेलं मी फाईलमध्ये वाचलंय आणि दुपारी तोच माणूस बसून हात उचलताना बघितलाय. चष्मा, कानाचं मशीन लागत असेल तर ते लावून द्या, साधी गोष्ट आहे पण हमखास राहते.

मग घरच्यांना विचारायचं, उजवे की डावखुरे, हा खांदा आधीपासून दुखायचा का, मनगट कधी मोडलं होतं का, बोटांना संधिवात आहे का. ज्या बोटाचा सांधा दहा वर्षांपासूनच आखडलाय ते आज सरळ होत नाही म्हणून स्ट्रोकच्या नावावर मार्क कापले तर पुढचा सगळा हिशोब चुकतो.

भाषेचं बघा. बऱ्याच जणांना, विशेषतः उजवी बाजू गेलेल्यांना, बोललेलं समजत नाही किंवा समजून शब्द निघत नाही. अशा वेळी आवाज चढवून उपयोग नाही. स्वतः करून दाखवा, त्यांच्या चांगल्या हाताने एकदा करून घ्या, मग दुसऱ्या हाताकडे बोट दाखवा. चांगल्या हाताने आधी करून घेण्याचा दुसरा फायदा असा की काय करायचंय ते समजलंय की नाही हे तिथेच कळतं, आणि तुलनेलाही काहीतरी हाताशी येतं.

आता बसण्याची पद्धत. शक्य असेल तर पाठीला आधार देऊन ताठ बसवा, पाय टेकलेले, लुळा हात कोपरापासून पंजापर्यंत उशीवर किंवा टेबलावर. बसवणं जमत नसेल तर बेडचं डोकं वर करून करा, पण कसं केलं ते लिहून ठेवा. पुढच्या वेळी तसंच करायचं. आज झोपवून आणि उद्या बसवून तपासलं आणि फरक दिसला, तर तो हाताचा फरक की गुरुत्वाकर्षणाचा हे देवच जाणे.

आणि हे सगळ्यात महत्त्वाचं, तो हात ओढायचा नाही. कधीच नाही. बेडवर वर सरकवताना काखेत हात घालून उचलायचं नाही, कपडे घालताना मनगट धरून खेचायचं नाही. खांद्याचा सांधा हा स्नायूंनी धरून ठेवलेला असतो, ते स्नायूच ढिले पडलेत, त्यामुळे हाताच्या नुसत्या वजनानेही तो खाली उतरतो आणि एकदा का खांदा दुखायला लागला की पेशंट हात हलवूच देत नाही, मग तपासणी राहिली बाजूला आणि व्यायामही राहिला. हात हलवायचाच असेल तर एक हात कोपराखाली, एक मनगटाखाली, आणि पूर्ण वजन आपण घ्यायचं.

दोन मिनिटं नुसतं बघा

मी इंटर्नना सांगते, पहिली दोन मिनिटं काही बोलू नका, नुसतं बघत बसा. हात कुठे पडलाय? अंगाखाली दबलाय का, बेडच्या कडेवरून लोंबतोय का, आणि पेशंटला त्याची जाणीव तरी आहे का? चादर सरली तर कुठल्या हाताने ओढतात? नाकाला खाज आली तर कुठला हात वर येतो? काही पेशंटमध्ये असं होतं की सांगितलं की जमत नाही आणि न सांगता सहज जमतं, डोक्यातली कृतीची आखणीच बिघडलेली असते. ताकद असते पण मागितली की हजर होत नाही. हे फक्त बघत बसणाऱ्यालाच दिसतं.

उलटही असतं. जांभई आली की लुळा हात आपोआप वर उचलला जातो, शिंकेला, खोकल्याला कोपर वाकतं. घरचे धावत येऊन सांगतात, आणि मला खरंच वाईट वाटतं सांगताना, की हे मनाने केलेलं हलणं नाही, म्हणून ते स्कोरमध्ये धरत नाहीत. लिहून मात्र ठेवा.

दोन्ही खांद्यांवर एकाच वेळी बोटं ठेवून बघा. खांद्याच्या टोकाचं हाड आणि दंडाच्या हाडाचं डोकं यांच्यामध्ये लुळ्या बाजूला खळगा लागतो का? एक बोट मावतंय की दोन? तेही लिहा. पंजा सुजलाय का, पाठीमागच्या सुरकुत्या नाहीशा झाल्यात का, त्वचा गरम, लाल, चमकदार दिसतेय का. सूज, दुखणं आणि रंग बदलणं हे तिन्ही एकत्र दिसलं तर उद्यावर ढकलू नका, डॉक्टरांना त्याच दिवशी सांगा.

मग हात आपण हलवून बघायचा, पेशंटने काही करायचं नाही. हळू हळू कोपर, मनगट, बोटं. सुरुवातीला बहुतेक वेळा हात पिळून काढलेल्या कपड्यासारखा ढिला लागतो, ताठरपणा नंतर येतो, काहींना दिवसांत, काहींना आठवड्यांत. तो मोजायला सुधारित अ‍ॅशवर्थ स्केल आहे, ०, १, १+, २, ३, ४ असे टप्पे. हे स्केल माझ्या मते पहिल्या आठवड्यात फार काही सांगत नाही, पण सुरुवातीचा आकडा नोंदलेला असला की नंतर ताठरपणा कधी वाढायला लागला ते पकडता येतं. खांदा हलवताना फरा (पाठीवरचं खांद्याचं पसरट हाड) आपल्या हाताने सोबत फिरवल्याशिवाय दंड खांद्याच्या रेषेच्या वर नेऊ नका. दुखलं की थांबायचं, किती अंशावर दुखलं ते लिहायचं.

दोन हालचाली, ज्यांच्यासाठी मी हे सगळं लिहितेय

वेळ कमी असेल, पेशंट थकलेला असेल, तर बाकी सगळं सोडा आणि या दोनच बघा. दंड बाजूला उचलणं आणि बोटं सरळ करणं.

ताकदीचे ग्रेड ० ते ५ असतात, वॉर्डात सगळ्यांना माहीत असलेले एमआरसीचे, म्हणजे ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलचे. ० म्हणजे काहीच नाही. १ म्हणजे हालचाल नाही पण स्नायू फडफडलेला हाताला लागतो किंवा डोळ्याला दिसतो. २ म्हणजे वजन आपण काढून घेतलं तर हलतो. ३ म्हणजे स्वतःच्या वजनाविरुद्ध पूर्ण हलतो. ४ म्हणजे आपण दाब दिला तरी टिकतो पण दुसऱ्या हातापेक्षा कमी, आणि ५ म्हणजे नेहमीसारखा.

खांद्यासाठी: पेशंटच्या बाजूला उभं राहा, एक हात त्यांच्या खांद्याच्या माथ्यावर ठेवा, आणि "हात कडेला उचला, पंख पसरल्यासारखा" असं सांगा. तुमचा खांद्यावरचा हात कशासाठी, तर नव्वद टक्के फसगत तिथे होते. पेशंट खांदा कानाकडे ओढतो आणि हात उचलल्यासारखा वाटतो, किंवा कंबर दुसरीकडे कलती करतो आणि हात शरीरापासून लांब गेल्यासारखा दिसतो. यात दंड स्वतः काही हललेला नसतो. माथ्यावर हात असला की हे लगेच कळतं. बसून काहीच झालं नाही तर झोपवून बघा, हात पलंगाच्या सपाटीवरून बाहेर सरकवता येतो का, कोपर आपल्या हातावर तोलून धरा. तेही नाही झालं तर खांद्याच्या गोलाईवर बोटं ठेवून "प्रयत्न करा" म्हणा आणि थांबा, घाई करू नका, कधी कधी हुकूम पोचायला वेळ लागतो.

बोटांसाठी: पुढचा हात (कोपर ते मनगट) टेबलावर, तळवा खाली, मनगट आपल्या हाताने खालून सरळ तोलून धरलेलं, बोटं नैसर्गिक वळलेली आणि कडेवरून मोकळी. "बोटं सरळ करा, वर उचला." बघायचं ते बोटांच्या मुळाशी, पंजाला जिथे बोटं जोडलेली असतात त्या मोठ्या सांध्यांकडे.

इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे कारण इथल्या चुका मी स्वतः केल्यात. शिकत असताना एका काकांना मी "बोटं उघडतात" असं लिहिलं होतं, सीनियरनी येऊन मनगट धरलं आणि म्हणाल्या, आता उघडायला सांग. काहीच नाही झालं. झालं होतं असं की मनगट खाली झुकत होतं आणि मनगट झुकलं की बोटांच्या मागच्या स्नायूंच्या दोऱ्या (टेंडन) ताणल्या जातात आणि बोटं आपोआप थोडी सरळ होतात, कोणाचीही होतात, तुम्ही स्वतःच्या हातावर आत्ता करून बघा. म्हणून मनगट धरणं हे ऐच्छिक नाही. दुसरी फसगत म्हणजे आधी मूठ वळायला सांगायची आणि मग उघडायला, मूठ सैल सोडली तरी बोटं उघडल्यासारखी दिसतात, पण ते उघडणं नाही, सोडणं आहे. म्हणून मुठीपासून सुरू करायचं नाही, सैल वळलेल्या बोटांपासून करायचं आणि त्याच्यापलीकडे जातात का ते बघायचं. तिसरं, तळवा वर करून तपासलं तर बोटं स्वतःच्या वजनानेच मागे पडतात. चौथं, काहींची बोटांची टोकं सरळ होतात पण मुळाचा सांधा वाकलेलाच राहतो, ते काम पंजातल्या छोट्या स्नायूंचं असतं, आपल्याला हव्या असलेल्या लांब स्नायूंचं नाही. शंका आली की दुसऱ्या हाताची दोन बोटं पेशंटच्या कोपराखाली पुढच्या हाताच्या पाठीमागच्या बाजूवर ठेवा, तिथे स्नायू टणक झाला तर खरं. सगळी बोटं सारखी हलत नसतील तर प्रत्येकाचं वेगळं टिपून ठेवा.

आता या दोन ग्रेडची बेरीज करायची, खांद्याचे ५ आणि बोटांचे ५, एकूण १० पैकी. याला सेफ स्कोर म्हणतात. ऐकायला फारच साधं वाटतं, पण यामागे भरपूर काम आहे. नेदरलँड्समध्ये १८८ पेशंटवर झालेला एक अभ्यास २०१० मध्ये छापून आला, त्यात असं दिसलं की ज्यांना ७२ तासांच्या आत बोटं थोडीफार सरळ करता येत होती आणि दंडही थोडाफार बाजूला नेता येत होता त्यांच्या हातात सहा महिन्यांनी काहीतरी उपयोगी कौशल्य परत येण्याची शक्यता ९८ टक्के होती. ज्यांना दोन्ही जमत नव्हतं त्यांची २५ टक्के, आणि नवव्या दिवशीही जमत नसेल तर १४ टक्के.

पुढे न्यूझीलंडमधल्या ऑकलंडच्या गटाने यावरून पायरी-पायरीची पद्धत बसवली, तिची सुधारित आवृत्ती प्रेप-टू नावाने २०१७ मध्ये आली. तिसऱ्या दिवशी बेरीज ५ किंवा जास्त आणि वय ८० च्या आत असेल तर तीन महिन्यांत हात पूर्ण किंवा जवळजवळ पूर्ण परत येण्याची चांगली शक्यता. वय ८० किंवा त्याहून जास्त असेल तर त्याच भाकितासाठी बेरीज ८ तरी लागते, ५ ते ७ असेल तर हात बऱ्याच रोजच्या कामांना चालेल पण पहिल्यासारखा होणं कठीण. बेरीज ५ च्या खाली असेल तर नुसत्या तपासणीवर थांबत नाहीत, पहिल्या आठवड्याच्या आत डोक्यावर चुंबकाचा झटका देऊन हाताच्या स्नायूपर्यंत सिग्नल पोचतोय का ते बघतात, टीएमएस नावाची टेस्ट. सिग्नल आला तर आज हात हलत नसला तरी वाट जिवंत आहे. ही टेस्ट सगळीकडे नसते हे खरंय. आणि ही पद्धतसुद्धा साधारण चारात तीन पेशंटच्या बाबतीत बरोबर ठरते, म्हणजे चौथ्याचं भाकीत चुकतं. तो चौथा कोण हे आधी कोणाला माहीत नसतं, म्हणून मी शून्य आलेल्या पेशंटच्या मुलाला दाराबाहेर नेऊन "हात गेला समजा" असं कधी सांगत नाही. मी सांगते, आज हालचाल नाही, परवा परत बघू, आणि तोवर हा हात दुखू द्यायचा नाही, सुजू द्यायचा नाही, आखडू द्यायचा नाही, एवढं काम आपल्या हातात आहे.

ताकद आहे पण हात "गायब" आहे

नुसती ताकद मोजून तपासणी संपवणारे खूप बघितलेत. डोळे मिटायला सांगा, कापसाने हलकेच पंजाला, पुढच्या हाताला, दंडाला शिवा, कधी शिवा कधी नाही, आणि कळलं का विचारा. मग अंगठ्याला दोन्ही कडांनी धरून वर-खाली करा आणि कुठे नेला ते विचारा. किंवा हात हवेत कुठेतरी तोलून धरा आणि डोळे मिटून चांगल्या हाताने तो अंगठा पकडायला सांगा. ज्याला स्वतःचा अंगठा सापडत नाही त्याच्या हातात ताकद असूनही ग्लास निसटतो, कारण हात कुठे आहे हेच मेंदूला माहीत नसतं. अशा पेशंटचा हात गरम भांड्यावर ठेवला गेला तरी कळणार नाही, हे घरच्यांना पहिल्याच दिवशी सांगा.

मग दोन्ही हातांना एकदम शिवा. वेगवेगळं शिवल्यावर दोन्हीकडे कळतं पण एकदम शिवल्यावर फक्त चांगल्या बाजूचंच कळतं, असं झालं तर ती बाजू लक्षातून निसटतेय. डावी बाजू गेलेल्यांमध्ये हे जास्त दिसतं. आडव्या रेघेचा मध्य खूण करून दाखवायला सांगितलं की खूण उजवीकडे सरकते, ताटातलं डाव्या बाजूचं तसंच राहतं, डाव्या बाहीत हात घालायचा विसरतात. अशा पेशंटला "हात हलवा" म्हटलं आणि हलला नाही तर ती कमजोरी की दुर्लक्ष? नजर त्या हाताकडे वळवून, हात त्यांच्या समोर मध्यभागी आणून परत विचारा. मी एका आजींच्या बाबतीत असं केलं तेव्हा ग्रेड सरळ एकावरून तीनवर गेला होता, दोन मिनिटांत, कुठलाही व्यायाम न करता. हात तोच होता, फक्त त्यांना तो दिसला.

थोडं जमायला लागल्यावर

हातात थोडी हालचाल आली की मोठ्या टेस्ट. यात दोन मला सगळ्यात जवळच्या. फ्युगल-मेयर ही १९७५ सालची, स्वीडनमधून आलेली, हाताच्या भागात ३३ बाबी, प्रत्येकाला ०, १ किंवा २, एकूण ६६. ही हालचालीचा दर्जा बघते, म्हणजे कोपर सरळ ठेवून खांदा उचलता येतो का, की खांदा उचलला की कोपर, मनगट, बोटं सगळंच एका गठ्ठ्यात वाकतं. दुसरी एआरएटी, म्हणजे अ‍ॅक्शन रिसर्च आर्म टेस्ट, १९८१ ची, १९ कामं, प्रत्येकाला ० ते ३, एकूण ५७. यात ठोकळे, ग्लासातून पाणी ओतणं, गोटी चिमटीत धरणं, हात डोक्यामागे, डोक्यावर आणि तोंडाकडे नेणं. हिची एक सोय फार आवडते, प्रत्येक भागात सगळ्यात अवघड काम आधी करायला देतात, ते पूर्ण जमलं तर त्या भागाचे पूर्ण मार्क, आणि सगळ्यात सोपं अजिबात नाही जमलं तर त्या भागाला शून्य देऊन पुढे. थकलेल्या पेशंटला उगाच एकोणीस वेळा हरवायचं नाही.

दोन्ही का? कारण एक हालचाल सांगते आणि एक काम सांगते, आणि काम जमणं दोन रस्त्यांनी होऊ शकतं. अंग पुढे झुकवून, खांदा उचकवून ग्लास तोंडाला लावला तरी लावला हे खरंच आहे, पण तो हात सुधारला की शरीराने पळवाट काढली हे हालचाल बघणाऱ्या फ्युगल-मेयरमध्ये दिसतं.

बॉक्स-ब्लॉक टेस्ट (६० सेकंदात किती ठोकळे एका खणातून दुसऱ्यात टाकले) आणि नऊ खुंट्यांची टेस्ट (छोट्या खुंट्या भोकांत बसवून परत काढायला किती वेळ लागला) पुढच्यासाठी चांगल्या आहेत, पण पहिल्या आठवड्यात बोटं जेमतेम हलणाऱ्या माणसासमोर खुंट्या ठेवू नका. त्यातून माहिती शून्य मिळते आणि पेशंट खचतो. डायनामोमीटरने पकड मोजणंही तसंच, कोपर ९० अंशात, तीन वेळा, सरासरी, ठीक आहे, पण तो फक्त मुठीचा आकडा आहे हे विसरू नका.

किती वेळा? युरोपातल्या तज्ज्ञांनी २०२० मध्ये एकमताने सुचवलेलं वेळापत्रक मला पटतं, दुसऱ्या दिवसाच्या आसपास, सातव्या दिवशी, मग दुसरा, चौथा आणि बारावा आठवडा, आणि सहा महिन्यांनी. सेफ स्कोर मात्र मी पहिल्या आठवड्यात जवळजवळ रोज बघते, दोन मिनिटांचं तर काम आहे. रोज साधारण त्याच वेळी, जेवणानंतरच्या झोपेत किंवा फिजिओने दमवल्यावर नाही.

घरच्यांनी काय करायचं

एक वही ठेवा. तारीख, वेळ, आणि न सांगता तो हात कुठल्या कामात आला ते. टॉवेल दाबून धरला, भाकर मोडताना ताट टेकवून धरलं, बाटली धरून ठेवली आणि चांगल्या हाताने झाकण उघडलं, तोंड पुसायला अर्ध्यापर्यंत आला. "बरं आहे", "सुधारणा आहे" असं लिहू नका, त्यातून काही कळत नाही. "सकाळी आठ वाजता तर्जनी आणि मधलं बोट उघडलं, तीन वेळा, मनगट मी धरलं होतं" असं लिहिलं तर मला तुमचे पाय धरावेसे वाटतील. पेशंटला चालत असेल तर मोबाईलवर दहा सेकंदांचा व्हिडिओ काढा, बाजूने, खांद्यापासून पंजापर्यंत सगळं दिसेल असा, दर चार दिवसांनी त्याच कोनातून.

दिवसभर परीक्षा मात्र घेऊ नका. येणारा प्रत्येक पाहुणा "हात दाबा बघू माझा" म्हणतो आणि संध्याकाळपर्यंत माणूस रडकुंडीला येतो. मुठीचाच सराव सारखा करवून घेणं, हातात मऊ चेंडू देऊन दाबायला लावणं, हे मी तरी पहिल्या दिवसांत करायला सांगत नाही. आपल्याला हवंय ते उघडणं, चेंडू शिकवतो मिटणं.

चांगल्या हाताकडेही एकदा बघा. त्याला चांगला म्हणतो आपण, पण स्ट्रोकनंतर त्याचीही ताकद आणि सफाई थोडी कमी झालेली असू शकते, म्हणून "दुसऱ्या हातापेक्षा थोडा कमी" लिहिताना तो दुसरा हात खरंच पहिल्यासारखा आहे का हे घरच्यांना विचारून घ्या.

आणि तपासताना जर काल उचलला जाणारा हात आज अचानक उचलला जात नसेल, बोलणं नव्याने अडखळत असेल, तोंड वाकडं झालं असेल किंवा शुद्ध कमी वाटत असेल, तर वही बाजूला ठेवा, स्कोर नंतर, नर्स आणि डॉक्टरांना त्याच क्षणी बोलवा, घरी असाल तर अ‍ॅम्ब्युलन्स. शेवटचं नीट कधी बघितलं ती वेळ लक्षात ठेवून सांगा, ती सगळ्यात आधी विचारतात.